माहेर तुटलेले यंत्र

यंत्रांनाही कुळकथा असते. एखादे यंत्र एका देशात जन्मते, काही काळ तेथे गाजते, मग दुसरे येते आणि पहिले मोडीत निघते. बहुतेक यंत्रांची कथा एवढीच. परंतु क्वचित असेही घडते की, जन्मदात्या देशाने टाकून दिलेले यंत्र हजारो मैलांवरच्या परक्या भूमीत रुजते; तेथील रस्त्यांशी, कारागिरांशी आणि माणसांच्या खिशाशी जुळवून घेते; आणि अखेरीस त्या देशाचेच म्हणून ओळखले जाऊ लागते. बुलेट या नावाने भारतभर परिचित असलेल्या मोटारसायकलीची कथा अशी आहे. काश्मीरपासून केरळपर्यंत असा तालुका सापडणे कठीण की, जेथे तिचा आवाज ऐकून डोळे मिटलेल्या माणसालाही ती कोण, हे सांगता येणार नाही.

मराठीत मोटारसायकलीला फटफटी म्हणतात. हा शब्द कोणा कोशकाराने घडवलेला नाही, तो लोकांच्या कानाने घडवला. आणि कानाचे म्हणणे अगदी शास्त्रशुद्ध होते. एकाच सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात पिस्टन चार वेळा खाली-वर होतो, तेव्हा एकदा स्फोट घडतो. म्हणजे मुख्य दांड्याच्या दर दोन फेऱ्यांना एक ठोका. चार किंवा सहा सिलिंडरांच्या मोटारीत हे ठोके एकमेकांत मिसळून त्यांची गुणगुण होते. एका सिलिंडरच्या गाडीत मात्र प्रत्येक ठोका सुटा राहतो. गाडी उभ्याने मंद चालू असता मिनिटाला हजार फेरे धरले, तर ठोके पडतात पाचशे, म्हणजे सेकंदाला आठ. एवढे कान मोजू शकत नाहीत. पण त्यातली लय त्यांना ओळखता येते. दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या वेळात इंजिन थांबू नये म्हणून त्याला फ्लायव्हीलचे जड चक्र जोडलेले असते. एका ठोक्यात मिळालेला जोर ते साठवून ठेवते आणि पुढच्या ठोक्यापर्यंत पुरवते. बुलेटच्या स्वभावाचे सारे मर्म या जड चक्रात आणि तिच्या सिलिंडरच्या मापात आहे. जुन्या ३५० च्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, आणि पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटर. मिळून ३४६ घनसेंटिमीटर. व्यासापेक्षा प्रवास लांब असलेले इंजिन फार वेगाने फिरू शकत नाही, परंतु कमी वेगातच ते चांगली ओढ देते. अठरा अश्वशक्ती हा आकडा काही मोठा नव्हे. ती शक्ती कोणत्या वेगाला हाताशी येते, यावर सारे अवलंबून असते.

मध्यम आकाराच्या अशा वाहनाकडून माणसाने सदैव दोन अपेक्षा बाळगल्या. सोमवार ते शनिवार त्याने कचेरीत किंवा कारखान्यात नेऊन पोचवावे, आणि सवड सापडली की शे-दोनशे मैलांची मजल मारावी. लहान गाडी पहिले काम स्वस्तात करते, पण घाट लागला की धापा टाकते. मोठी गाडी दुसरे काम रुबाबात करते, पण भाजीबाजाराच्या गल्लीत अडकून बसते. मराठ्यांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर भीमथडीच्या तट्टाने दिले होते. भीमेच्या काठचे हे जनावर अरबी घोड्याइतके देखणे नव्हते, उंचही नव्हते. पण मिळेल त्या चाऱ्यावर राही, ओझे वाही, आणि प्रसंग पडला की दौडीलाही कमी पडत नसे. यंत्रयुगात ही जागा मध्यम आकाराच्या एकसिलिंडरी मोटारसायकलीने घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

बुलेटचे माहेर म्हणजे इंग्लंडमधील रेडिच हे गाव. हे गाव मूळचे सुयांसाठी प्रसिद्ध होते. तेथे जॉर्ज टाउनसेंड याने १८५१ साली सुया बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे त्याच कारखान्यात सायकली बनू लागल्या. १८९३ च्या सुमारास कारखान्याच्या नव्या चालकांना एन्फील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेकडून बंदुकांचे सुटे भाग पुरवण्याचे काम मिळाले आणि त्या अभिमानाने त्यांनी आपल्या सायकलींना रॉयल एन्फील्ड हे नाव दिले. बंदुकीसारखी घडवलेली, असे बिरुदही त्याबरोबर आले, आणि तोफेचे चिन्हही. सुई, सायकल आणि बंदूक अशा तीन पिढ्यांच्या या घराण्यात १९०१ साली पहिली मोटारसायकल तयार झाली. बुलेट म्हणजे बंदुकीची गोळी, हे नाव १९३२ च्या अखेरीस पुढे आले. आज ज्या रूपाने ती ओळखली जाते, ते रूप मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचे. मागच्या चाकाला उसळी घेणारा झुलता आधार आणि दोन शॉक ॲब्झॉर्बर ही त्या काळची नवलाई होती. त्यापूर्वी बहुतेक गाड्यांचे मागचे चाक सांगाड्याला घट्ट जखडलेले असे, आणि रस्त्यातला प्रत्येक दगड स्वाराच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोचे. १९४८ साली इटलीत सॅन रेमो येथे झालेल्या सहा दिवसांच्या खडतर आंतरराष्ट्रीय कसोटीत या नव्या रचनेच्या गाड्या उतरल्या आणि यशस्वी ठरल्या. पुढच्या वर्षी ती बाजारात आली.

युद्धोत्तर इंग्लंडात मोटार ही मध्यमवर्गीयालाही सहज परवडणारी वस्तू नव्हती. कारखान्यात जाणारा कामगार अशा मोटारसायकलीवर रोज ये-जा करी, आणि रविवारी तिला साइडकार जोडून बायकामुलांना समुद्रकिनारी नेई. दोन कामे करणारे एक वाहन, हाच तिचा संसारातला उपयोग होता. १९५९ साली मिनी ही छोटी मोटार निघाली. चौघांना पावसात न भिजता नेणारे वाहन आटोक्यात येताच साइडकारचे दिवस भरले. बुलेटचे उत्पादन तेथे साठाच्या दशकाच्या आरंभीच थांबले, रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला आणि १९७० पर्यंत त्या कंपनीचा इंग्लंडमधील कारभारच आटोपला.

पण तोवर मुलगी सासरी नांदू लागली होती.

भारतात बुलेट आली १९४९ साली, मद्रास मोटर्स या पेढीच्या मार्फत. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि फाळणीने हजारो मैलांची नवी सरहद्द निर्माण केली होती. तिच्यावर गस्त घालण्यासाठी, निरोप पोचवण्यासाठी, जेथे जीप जाणे महाग किंवा अशक्य अशा वाटांसाठी लष्कराला एका भरवशाच्या दुचाकीची गरज होती. पन्नासाच्या दशकाच्या आरंभी लष्कराने बुलेटची शेकड्यांनी मागणी नोंदवली. यापुढचे पाऊल राजकीय अर्थकारणाचे होते. परदेशातून तयार गाड्या आणून विकण्याचे दिवस संपत आले होते. ज्यांच्यापाशी या देशात गाड्या बनवण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी नुसत्या जोडणीचा व्यवसाय करू नये, असे धोरण सरकारने १९५३ साली स्वीकारले. मुंबईतला जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना त्यानंतर बंद पडला तो याच कारणाने. अशा वातावरणात १९५५ साली रेडिचच्या कंपनीने मद्रास मोटर्सशी भागीदारी करून एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन केली, आणि मद्रासच्या उत्तरेस तिरुवोत्तियूर येथे कारखाना उभा राहिला. १९५६ च्या अखेरपर्यंत तेथे अवघ्या १६३ गाड्या तयार झाल्या, त्याही इंग्लंडहून आलेल्या सुट्या भागांची जोडणी करून. पुढे साचे आणि यंत्रसामग्री आली, आणि १९६२ च्या सुमारास गाडीचे सारे भाग भारतात बनू लागले. ज्या काळात इंग्लंडने बुलेट बनवणे सोडले, जवळजवळ त्याच काळात भारताने ती पूर्णपणे स्वतः बनवण्यास आरंभ केला.

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा स्वतः घेऊन येई. बुलेटचे पहिले स्वार बहुतांशी बारगीर होते. लष्कराचा निरोप्या, पोलीस ठाण्याचा फौजदार, सरकारी अधिकारी. खेड्यातल्या माणसाने ती प्रथम पाहिली ती सत्तेचे वाहन म्हणून. धूळ उडवीत फौजदाराची बुलेट गावात शिरली की चावडीपुढे जमलेली माणसे पांगत. तिचा ठोका लांबून ऐकू येई आणि त्यामुळे पांगावयास पुरेसा वेळही मिळे, हा त्यातला गमतीचा भाग. शिलेदार आले ते नंतर आणि हळूहळू: बागाईतदार, कंत्राटदार, लष्करातून निवृत्त होऊन गावी परतलेला सुभेदार. बुलेटभोवती जे अधिकाराचे आणि पुरुषी ऐटीचे वलय पुढे निर्माण झाले, त्याचा उगम इंजिनात नसून या बारगिरीच्या काळात आहे.

रोजच्या ये-जा करणाऱ्या सामान्य नोकरदाराने त्या काळी निवड केली ती दुसऱ्या वाहनांची. मुंबई-पुण्यात स्कूटर होती; लँब्रेटा मुंबईतच बने आणि बजाजने इटलीच्या व्हेस्पाचा परवाना घेतला होता. म्हैसूरला आयडियल जावाच्या गाड्या तयार होत. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एका गाडीवरून राजदूत घडवली. या साऱ्या टू स्ट्रोक जातीच्या. त्यांची रचना सोपी, किंमत बेताची, देखभाल हलकी. फक्त पेट्रोलात तेल मिसळून घालावे लागे आणि मागे निळसर धूर सोडत त्या धावत. त्यांच्या तुलनेत बुलेट जड होती. दीडशे किलोंहून अधिक वजनाची ही गाडी चढावर ढकलण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला, त्याला तिच्या थोरवीविषयी वेगळे सांगावे लागत नसे.

शिवाय तिला सुरू करणे हा एक विधीच होता. अँमीटरचा काटा पाहत किक हळू दाबावयाची, पिस्टन दाबाच्या टोकाला आला की डीकॉम्प्रेसरचा छोटा खटका ओढून तो किंचित पुढे सरकवावयाचा, आणि मग पूर्ण वजनानिशी एकच किक. हा क्रम चुकला तर किक उलटे आणि घोटा सुजे. गियर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी, म्हणजे पुढे रूढ झालेल्या पद्धतीच्या नेमके उलट. आणि तरीही शहरातल्या स्वारासाठी एक सोय त्या रचनेत होती: गियरपेटीवर एक जादा खटका असे, चौकात थांबताना टाचेने तो दाबला की वरच्या कोणत्याही गियरमधून गाडी एकदम न्यूट्रलला येई. रोज सिग्नलवर थांबणाऱ्या माणसाचा विचार करून कोणा इंग्रज रचनाकाराने ती दिली होती. नव्या गियरपेट्यांतून ती नाहीशी झाली, याची हळहळ जुने स्वार करतात आणि ती रास्त आहे.

एका प्रश्नाचे उत्तर या इतिहासाने प्रामाणिकपणे दिले पाहिजे. बुलेट टिकली ती गुणांमुळे, की तिला प्रतिस्पर्धी नव्हता म्हणून? जगात सर्वाधिक काळ अखंड उत्पादनात राहिलेली मोटारसायकल असा तिचा गौरव केला जातो. परंतु परवाने आणि आयातबंदी यांच्या भिंतीआड जे टिकते, त्याचे टिकणे हे सर्वस्वी पुरुषार्थाचे लक्षण मानता येत नाही. जपानी कारखान्यांनी साठ आणि सत्तरच्या दशकांत मोटारसायकलीचे शास्त्रच पालटून टाकले: बटण दाबून सुरू होणारी, तेल न गळणारी, हजारो किलोमीटर पाना न लावता धावणारी यंत्रे त्यांनी निर्माण केली. तिरुवोत्तियूरची बुलेट मात्र तीच राहिली, बिडाचे सिलिंडर, पॉइंटची ठिणगी, आणि जमिनीवर तेलाचा थेंब. सुधारणेची निकड नव्हती, कारण गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाण्याची वाट नव्हती. १९७७ साली हीच गाडी भारतातून इंग्लंडला निर्यात होऊ लागली, तेव्हा तेथील लोकांनी ती जुन्या काळाची आठवण म्हणून विकत घेतली. आपल्या आजोबांची गाडी नवी कोरी मिळते, हे त्यांना अप्रूप होते. आपल्या दृष्टीने त्यात अभिमान वाटावा असे काही होते, आणि विचार करावा असेही.

तथापि संरक्षणाने जे गोठवले, त्यातच एक निराळी संपत्ती साठत गेली. तीस-चाळीस वर्षे यंत्र बदलले नाही, म्हणून त्याचे ज्ञान कारखान्याबाहेर सर्वदूर पसरले. नागपूरचा मिस्त्री आणि त्रिवेंद्रमचा मिस्त्री यांना एकमेकांची भाषा कळत नसे. पण दोघेही टॅपेटचा आवाज ऐकून बिघाड सांगू शकत. गुरूने शिष्याच्या हाती पाना द्यावा आणि शिष्याने पुढे आपल्या शिष्याच्या, अशी ती परंपरा होती. एका गाडीचा भाग वीस वर्षे जुन्या गाडीला बसे. ज्या देशात नवे वाहन मिळवणे कष्टाचे, त्या देशात दुरुस्त होण्याची क्षमता हा वेगाहून मोठा गुण ठरतो. लोकांनी तर कारखान्याच्या कल्पनेपलीकडे या यंत्राचा विस्तार केला. पंजाब-हरियाणात दूधवाल्यांनी तिच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या बरण्या टांगल्या. सौराष्ट्रात बुलेटचा पुढचा अर्धा भाग, मागे डिझेल इंजिन आणि लाकडी फळ्यांचा हौदा असा छकडा जन्माला आला. त्यात माणसे, बकऱ्या आणि कापसाची बोचकी एकत्र प्रवास करीत. अनेक गावांतल्या कारागिरांनी पाण्याच्या पंपासारखी डिझेल इंजिने बुलेटच्या सांगाड्यात बसवली, आणि पुढे खुद्द कंपनीनेच ३२५ घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनाची टॉरस नावाची गाडी काढली. ती पळण्यात मंद होती. पण डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त असल्याने कमी खर्चात लांब जाई, आणि खेड्यापाड्यांत ती खपली. प्रदूषणाच्या नियमांनी तिचा शेवट केला. राजस्थानात जोधपूर-पाली रस्त्यावर १९८८ साली अपघातात मृत्यू पावलेल्या एका तरुणाच्या बुलेटचे देऊळच आहे. पोलिसांनी ठाण्यात नेलेली गाडी रात्री पुन्हा अपघाताच्या जागी परत येई, अशी तेथील आख्यायिका. काचेच्या पेटीतल्या त्या गाडीला हार घालून वाटसरू पुढे जातात. कथेच्या खरेखोटेपणाची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. मृत्यूचे भय असलेल्या रस्त्यावर लोकांनी देवत्व देण्यासाठी कोणते यंत्र निवडले, एवढे ध्यानात घेण्याजोगे.

भिंत पडली ती ऐंशीच्या दशकात. १९८४ ते १९८६ या दोन-तीन वर्षांत भारतीय कंपन्यांनी जपानी कंपन्यांशी करार करून १०० घनसेंटिमीटरच्या मोटारसायकली आणल्या. इंड-सुझुकी, हीरो होंडा, यामाहाची आरएक्स आणि कावासाकी-बजाज. त्यांतील हीरो होंडाची गाडी फोर स्ट्रोक होती आणि एका लिटरला ऐंशी किलोमीटर हा तिचा दावा होता. बुलेट तीस-पस्तीस देई. रोजच्या ये-जा करण्याचे काम या हलक्या गाड्यांनी पाहता पाहता आपल्याकडे घेतले, आणि भीमथडीच्या तट्टाची दोन कामे प्रथमच वेगळी झाली. एन्फील्ड इंडियाने पूर्वी फँटॅब्युलस नावाची स्कूटर, मिनी बुलेट, सिल्व्हर प्लस अशी छोटी वाहने काढून पाहिली होती; आज ती केवळ संग्राहकांच्या स्मरणात आहेत. बारगीर सुटले नव्हते, पण शिलेदार पाठ फिरवू लागले. १९९४ साली ही कंपनी ट्रॅक्टर आणि मालमोटारी बनवणाऱ्या आयशर समूहाकडे गेली. तरीही घसरण थांबेना. २००० साली ती विकावी किंवा बंद करावी असा विचार समूहात चालू असता, सिद्धार्थ लाल या विशीतल्या तरुणाने, समूहप्रमुखांच्याच मुलाने, ती सावरण्यासाठी मुदत मागून घेतली. जयपूरचा नवा कारखाना मिटवण्यात आला आणि सारे लक्ष एकाच प्रश्नावर एकवटले: गाडीचा बिघाड काढावयाचा, पण स्वभाव ठेवावयाचा.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. ज्या दोषांमुळे नवे गिऱ्हाईक दूर पळे, त्यांतले काही दोष जुन्या स्वारांना गुणच वाटत. अॅल्युमिनियमचे इंजिन आले, बटणाने सुरू होण्याची सोय आली, गियर डावीकडे गेले. प्रत्येक पावलाला गाडी बाटली अशी ओरड झाली. २००९ साली इंजिन आणि गियरपेटी एकाच कवचात असलेली क्लासिक आली आणि वर्षभरातच बिडाच्या जुन्या इंजिनाने निरोप घेतला. त्या नव्या यंत्राचा ठोका जरा मऊ होता. जुन्या मंडळींनी नाक मुरडले. पण तेल गळेना, आणि स्वतःच्या पगारातून हप्ते भरणारा शहरी तरुण रांगेत उभा राहिला. २०२० साली तर इंजिनाची आखणीच नव्याने झाली: व्यास ७२, प्रवास ८५.८ मिलिमीटर, मिळून ३४९ घनसेंटिमीटर. आणि हादरे शमवणारा समतोल दांडा आत बसवलेला. वीस अश्वशक्ती, म्हणजे साठ वर्षांत जेमतेम दोनची भर. प्रवास अजूनही व्यासाहून लांब ठेवला, यात जाणत्यांना सारे उमगते.

हादरे शमवण्याची गरज रस्त्याने निर्माण केली होती. जुनी बुलेट ज्या रस्त्यांसाठी होती, त्यांवर मालमोटारींच्या मागे ताशी पन्नास-साठ किलोमीटरने जावयाचे असे. त्या वेगात तिचे इंजिन मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेत निवांत चाले आणि दिवसभर चाले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चार महानगरांना जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोनाची घोषणा झाली. पुणे-सातारा-कोल्हापूर-बेळगाव हा मार्ग त्यातच रुंद झाला. चौपदरी रस्त्यावर वाहतुकीचा वेग शंभरापर्यंत गेला, आणि त्या वेगात जुन्या गाडीचे नटबोल्ट ढिले होत, स्वाराचे हात बधिर होत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. तिच्यासाठी राहिला तो शिंग्रोबाच्या देवळावरून जाणारा बोरघाटाचा जुना रस्ता. वळणावळणाच्या त्या चढावर दुसऱ्या गियरमध्ये, हळू ठोक्यांनी चढणारी बुलेट पाहिली म्हणजे ती कोणत्या रस्त्याची लेक आहे, ते निराळे सांगावे लागत नाही.

दुसरा रस्ता लडाखचा. सीमा सडक संघटनेने सैन्यासाठी बांधलेल्या मनाली-लेह मार्गावर आणि पुढे खारदुंग ला खिंडीपर्यंत मोटारसायकलीने जाणे, ही भारतीय तरुणांची एक आधुनिक यात्राच होऊन बसली. खिंडीतल्या फलकावर १८,३८० फूट असा आकडा दीर्घकाळ मिरवत होता. काटेकोर मापनाने तो सुमारे १७,५८० भरला. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. इंजिनाला पेट्रोल जाळण्यास हवाच अपुरी मिळते, अठरा अश्वशक्तींतल्या नऊ-दहाच उरतात, आणि कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलाचे प्रमाण अधिक होऊन ती काळा धूर ओकू लागते. नव्या गाड्यांतील इंधन-इंजेक्शन हवा मोजून पेट्रोल सोडते, त्यामुळे तो त्रास बराच कमी झाला. पण त्याबरोबर वाटेत जेट बदलून देणाऱ्या मिस्त्रीचे महत्त्वही उणावले. बिघाड आता कानाने नव्हे, तारेने जोडलेल्या यंत्राच्या पडद्यावर वाचतात. पूर्वीचे ज्ञान गल्लीत होते. आताचे कंपनीच्या अधिकृत केंद्रात आहे. गाडी अधिक भरवशाची झाली आणि स्वार अधिक परावलंबी, हा सौदा बहुतेकांनी आनंदाने पत्करला. ज्याची पोटापाण्याची विद्या त्यात गेली, त्याला मात्र कोणी विचारले नाही.

२०२४-२५ या आर्थिक वर्षात रॉयल एन्फील्डच्या दहा लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. त्यांत दोन सिलिंडरांच्याही आहेत, पण बहुसंख्य ३५० च्या एकसिलिंडरी. याहून बोलकी गोष्ट म्हणजे इतरांचे अनुकरण. मोठ्या इंजिनांसाठी ख्यातनाम असलेल्या ब्रिटनच्या ट्रायम्फने २०२३ साली बजाजच्या हातमिळवणीने ३९८ घनसेंटिमीटरची एकसिलिंडरी गाडी काढली, ती पुण्याजवळ चाकणला बनते. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनने त्याच वर्षी हीरोच्या साहाय्याने ४४० ची आणली. होंडाने २०२० सालीच ३४८ ची आणली होती. भिंत नसताना, खुल्या बाजारात, मध्यम आकाराच्या एका सिलिंडरपर्यंत हे सारे खाली उतरून आले. मघाच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग याने सुटतो. संरक्षणाने बुलेटला जगवले खरे, परंतु ज्या मापावर जगवले ते माप या देशाच्या रस्त्यांना आणि कमाईला खरोखरच बसणारे होते.

या पुनरागमनाला एक कर्कश बाजूही आहे. फौजदाराच्या गाडीचा ठोका त्याच्या हुद्द्याचा होता. आज पैसे मोजून कोणीही तो विकत घेतो, आणि मूळचा सायलेन्सर काढून फटाक्यासारखा आवाज करणारी नळी बसवतो. जप्त केलेले असे शेकडो सायलेन्सर रस्त्यावर मांडून पोलीस त्यांवरून रोडरोलर फिरवतात, ही दृश्ये महाराष्ट्राच्या शहरांनीही पाहिली. एकसिलिंडरी इंजिनाचा नाद जड चक्राच्या संथपणातून येतो, नळीला भोके पाडून येत नाही. पण हे त्या तरुणांना समजावून सांगणारे मिस्त्रीही आता थोडे उरले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची नवी आकारणी लागू झाली. ३५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यापुढच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. २०२० साली आखलेले ३४९ चे इंजिन या रेषेच्या अलीकडे एका घनसेंटिमीटरने राहिले, आणि ट्रायम्फचे ३९८ चे पलीकडे गेले. पन्नासाच्या दशकात सरहद्दीवरच्या लष्करी गरजेने ज्या मापाला या देशात जागा करून दिली, ते माप आता दिल्लीच्या करपत्रकातली सीमारेषा होऊन बसले आहे.